उर्दूतला गंज, मराठीतला गंज



आम्ही शाळेत दोन भाषा शिकवतो. सकाळी उर्दू, जेवणाच्या सुट्टीनंतर मराठी. असे काम करणाऱ्याला एकच शब्द दोन घरांत दोन तऱ्हांनी राहताना दिसतो. ‘गंज’ हा त्यातला एक. उर्दूत गंज म्हणजे खजिना. मराठीत गंज म्हणजे लोखंडाला लागतो तो. उर्दूत त्याला ‘ज़ंग’ म्हणतात. दरवर्षी आठवीच्या वर्गात हे सांगितले की मुले हसतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. आम्हीही वळत होतो. पण गेल्या जानेवारीत एका जुन्या मोटारीने हा शब्द आमच्या घरात आणून बसवला. अब्बांना त्या मोटारीत उर्दूतला गंज दिसत होता आणि मिस्त्रींना मराठीतला. मध्ये आम्ही होतो आणि आमच्या हातात दोन लाख रुपये होते.

आधी अब्बांविषयी. कोकणातल्या कितीतरी घरांप्रमाणे आमचेही घर मुंबईच्या कमाईवर उभे राहिले. कोणी बोटीवर गेले, कोणी आखातात गेले, अब्बांनी टॅक्सी चालवली. काळी-पिवळी, पद्मिनी. इटलीच्या फियाट कंपनीची ही मोटार 1964 पासून मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ‘फियाट 1100 डिलाइट’ या नावाने बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गियर, पुढच्या दारांना वळवता येणारी छोटी त्रिकोणी काच. 2000 च्या सुमारास ती बनणे बंद झाले. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अब्बांनी टीव्ही बंद केला आणि लवकर जेवून झोपले.

अब्बा आता पंच्याहत्तरीत आहेत. गावी असतात, आमच्याजवळ.

जानेवारीत चिपळूणजवळच्या एका गावाहून फोन आला. अब्बांचे मुंबईतले जुने दोस्त दीड वर्षापूर्वी अल्लाहला प्यारे झाले. त्यांची 1984 सालची खासगी पद्मिनी घरी उभी होती. त्यांच्या बेवा, ज्यांना आम्ही खाला म्हणतो, ती विकायला काढत होत्या. व्यवहार त्यांचा पुतण्या बघत होता. त्याने फोटो पाठवले. मलई रंग, चकचकीत. किंमत एक लाख चाळीस हजार.

अब्बांनी फोटो पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. तोंडाने काही मागितले नाही. अब्बांनी आयुष्यात मुलांकडे काही मागितलेले नाही आणि अडचण हीच होती. मागितले असते तर नाही म्हणता आले असते.

रात्री जेवणानंतर घरात मसलत बसली. दोन लाख रुपये होते, पण ते रिकामे नव्हते. थोरली लेक बारावीला. तिला फार्मसीला जायचे आहे. जूनमध्ये प्रवेश, फी, वसतिगृह. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे आम्ही दोघांनी लग्नानंतर ठरवले आणि आजवर पाळले, अलहमदुलिल्लाह. पण जो कर्ज काढत नाही त्याला साठवलेल्या पैशाशिवाय आधार नसतो. धाकटा नववीत. तो म्हणाला, “दादाजान अजून किती वर्षं गाडी चालवणार आहेत? आता नाही तर कधी?” लेक म्हणाली, “घ्या, माझं बघू.” तिचे हे ‘बघू’ आम्हाला रात्रभर टोचत राहिले.

आम्ही ठरवले की हो किंवा नाही म्हणण्याआधी गाडी नीट पाहायची. आणि पाहण्याआधी थोडे शिकायचे.

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर आहेत. मधल्या सुट्टीत त्यांना गाठले. त्यांनी तीन परीक्षानळ्यांचा तो प्रयोग आठवून दिला. एका नळीत साधे पाणी आणि खिळा. दुसरीत उकळून हवा काढलेले पाणी, वर तेलाचा थर, आत खिळा. तिसरीत ओल शोषून घेणारी पूड आणि खिळा. काही दिवसांनी गंज फक्त पहिल्या खिळ्यावर येतो. म्हणजे गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. मीठ मिसळले की काम लवकर होते, कारण खारट पाण्यातून गंजाची क्रिया सहज चालते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर हवेतच मीठ असते. गंजाला जे जे हवे ते सगळे आपल्याकडे फुकट मिळते.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अॅल्युमिनियमवरही हवेने थर बसतो, पण तो घट्ट असतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. म्हणून गंज थांबत नाही. आपण पाहत असलो काय आणि नसलो काय, तो चालूच राहतो. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्याला जस्ताचा हात दिलेला असतो. पद्मिनीच्या काळात पत्रा साधा असे आणि त्यावर रंग.

दुसरा धडा आमच्या गावच्या मिस्त्रीचाचांनी दिला. ते म्हणाले, “मास्तर, जीपला खाली चॅसी असते. वरचा पत्रा सडला तरी सांगाडा उभा राहतो. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. पत्रा हाच सांगाडा. दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा गेला की गाडीची कंबरच गेली.” मग ते आमच्याबरोबर यायला तयार झाले. दिवसाची मजुरी आधी ठरवली, गाडी घेतली काय, न घेतली काय, त्यांना तीच मिळणार. हे आम्हाला महत्त्वाचे वाटले. ज्याची कमाई सौदा होण्यावर अवलंबून असते त्याला खरे बोलणे जड जाते.

रविवारी अब्बा, धाकटा, मिस्त्रीचाचा आणि आम्ही चिपळूणकडे निघालो. वाटेत अब्बा खुलले होते. भेंडीबाजार, रात्रपाळी, पावसातले हिंदमाता, सगळे निघाले.

खालांच्या अंगणात गाडी उभी होती. नवा रंग उन्हात चमकत होता. अब्बा सरळ जाऊन चालकाच्या जागी बसले. डावा हात आपोआप गियरच्या दांड्यावर गेला. इंजिन बंदच होते, तरी त्यांनी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चारही गियर टाकून पाहिले. आम्ही मोबाईल काढला होता, तो परत खिशात ठेवला.

मिस्त्रीचाचांनी मात्र आपल्या पिशवीतून तीन वस्तू काढल्या: फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, विजेरी आणि जॅक. वाचकांपैकी कोणी जुनी गाडी बघायला निघाला असेल तर पुढचे जरा लक्ष देऊन वाचावे.

चुंबक त्यांनी दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवले. पत्र्यावर चुंबक ओढ धरते. जिथे भोक बुजवून पुट्टी भरलेली असते तिथे ते ढिले पडते. डाव्या मागच्या कमानीवर ते चक्क घसरून खाली पडले. मग त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. चांगला पत्रा टणटणतो, पुट्टी बद्द वाजते. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती रंगाने आणि मातीने बुजलेली होती. म्हणजे दाराच्या आत शिरलेले पाणी आतच राहत होते. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे त्यांनी दाबले, रंगाखाली करकर आवाज आला. बॅटरी ठेवायची जागा पाहिली. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्रा पाहिला. गाडीखाली सगळीकडे नवा काळा डांबरी थर मारलेला होता. चाचा म्हणाले, “जुन्या गाडीच्या पोटाला नवा डांबर दिसला की आधी विचारायचं, कशासाठी?”

मग त्यांनी पायाखालचे रबरी मॅट उचलायला सांगितले. पुतण्या म्हणाला, “चाचा, ते चिकटवलंय, फाटेल.” चाचा म्हणाले, “फाटलं तर मी भरून देईन.”

मॅटखाली बारीक, करडी, वाळलेली माती होती. नदीच्या गाळाची. मागच्या सीटखालीही तीच. त्याखालचा पत्रा बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला आणि भोकातून अंगणातली फरशी दिसली.

22 जुलै 2021. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आम्ही पुतण्याला आधी फोनवर विचारले होते, पुराचे पाणी लागले होते का? तो म्हणाला होता, चाकापर्यंतसुद्धा नाही. आता तो दुसरीकडे पाहू लागला. खाला दारात उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, “सीटच्या वर पाणी होतं, बेटा. दोन दिवस होतं. मी या वयात खोटं कशाला बोलू? मला कोणी विचारलंच नाही.”

चाचांनी शेवटची परीक्षा घेतली. दाराखालच्या पट्टीला जिथे जॅक लावतात तिथे जॅक लावला. गाडी वर उचलली गेली नाही, जॅकच पत्र्यात शिरला.

बाजूला घेऊन त्यांनी हिशेब सांगितला. पायाखालचा पत्रा, दोन्ही पट्ट्या, चार दारांचे तळ आणि डिकी, कापून नवा पत्रा वेल्ड करायचा तर पंच्याऐंशी हजार. रंग पंचावन्न. ब्रेक, वायरिंग, पेट्रोलची टाकी साफ करणे, रबरी नळ्या बदलणे चाळीस. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे मिळते, जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ते ओल धरते, म्हणून नळ्या बदलणे टाळता येणार नव्हते. एकूण एक लाख ऐंशी हजार. गाडीची किंमत धरून तीन लाख वीस. “आणि हा आकडा ग्राइंडर लावायच्या आधीचा आहे,” चाचा म्हणाले. “रंग काढला की आजार वाढतो. गंजावरच नवा पत्रा चिकटवला तर दोन पावसाळ्यांत कडेने पुन्हा सडतो.”

कागदांचाही हिशेब होता. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर. या गाडीचे नूतनीकरण पुरानंतर झालेलेच नव्हते. पुतण्या म्हणाला होता की ‘व्हिंटेज’ करून घ्या. पण 2021 चा केंद्राचा नियम पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी आहे. 1984 ची गाडी त्यात अजून बसत नाही, आणि बसली तरी व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. तिच्यातून बाजारहाट करता येत नाही. शिवाय गाडी अजून मरहूम मालकांच्या नावावर होती. आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर, मग फॉर्म 29 आणि 30 ने विकत घेणाऱ्याच्या नावावर, असा तो मार्ग.

आमचा निर्णय तिथेच झाला होता. गाडी घ्यायची नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. खरे तर आमची परीक्षा इथून सुरू झाली.

चाचा हळूच म्हणाले, “मास्तर, चालवायला नको, पण भंगाराच्या भावात मागून बघा. चाळीसला देतील. इंजिन पूर्ण आहे, काचा अस्सल आहेत, तांब्या-पितळेचा रेडिएटर आहे, क्रोमच्या पट्ट्या सगळ्या जागेवर. पद्मिनी सजवणारे लोक अशा मालासाठी फिरत असतात. सुटे करून विकलंत तर वीस-पंचवीस हजार सुटतील.” चाचांच्या मनात पाप नव्हते. बाजारात असे रोज होते. आमच्याही मनात क्षणभर लेकीचे वसतिगृह येऊन गेले. खालांनी सगळे ऐकलेच होते, गाडी सडली आहे हे त्यांना कळले होते. त्या चाळीसलाही हो म्हणाल्या असत्या. दोष आम्ही लपवत नव्हतो. फक्त गुण सांगत नव्हतो.

आम्ही अब्बांकडे गेलो. ते अजून गाडीतच बसले होते, पाय त्या भोकाच्या बाजूला घेऊन. आम्ही सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझी पहिली टॅक्सी मी 1991 साली विकली. आठवते?”

आम्हाला अंधुक आठवत होते.

“तिच्याही मागच्या मॅटखाली भोक होतं. मी पत्र्याचा तुकडा ठेवला आणि वर मॅट टाकलं. घेणारा नवा होता, उत्तरेकडून आलेला. त्यानं वरूनच पाहिली, पैसे मोजले. खरं सांगितलं असतं तर तीन हजार कमी मिळाले असते. मी नाही सांगितलं. तो मला भाईजान म्हणायचा.” ते थांबले. “त्याचं नाव आठवतं. पत्ता कधीच नव्हता.”

चौतीस-पस्तीस वर्षे ही गोष्ट अब्बांच्या मॅटखाली होती. घरात कोणाला माहीत नव्हती.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ओले धान्य वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. आणि सांगितले की जो फसवतो तो आपल्यातला नाही. हा प्रसंग आम्ही मुलांना अनेकदा सांगितला आहे. पण त्यातली एक गोष्ट त्या दिवशी प्रथम जाणवली. पाऊस पडणे हा त्या माणसाचा दोष नव्हता. पूर येणे हा खालांचा दोष नव्हता. खारी हवा आणि गंज हा कोणाचाच गुन्हा नाही. गुन्हा सुरू होतो तो ओले खाली आणि कोरडे वर रचण्यापासून. मग ते धान्य असो, नव्या रंगाखालचा पत्रा असो किंवा घेणाऱ्याने मनात ठेवलेली खरी किंमत असो.

अब्बा गाडीतून उतरले आणि म्हणाले, “भाभीला सगळं सांग. वाईट आहे तेही आणि चांगलं आहे तेही.”

आम्ही ओसरीवर बसून खालांना सगळे सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “दर पावसाळ्यात मी तिला प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधत होते. हे गेले तेव्हापासून तर वर्षभर बांधलेली होती. तरी?” चाचा मान खाली घालून म्हणाले, “आपा, त्यानंच ओल आत राहिली. वारा लागायला हवा होता.” खालांनी ओढणीचा पदर तोंडाशी धरला. ज्या मायेने झाकले त्याच मायेने सडले, हे ऐकणे सोपे नव्हते. सांगणेही सोपे नव्हते.

मग शाळेच्या वहीतला एक कागद फाडून आम्ही दोन रकाने केले. डावीकडे दोष: पुराचे पाणी, पायाखालचा पत्रा, पट्ट्या, दारे, पुट्टी कुठे कुठे आहे ते, नूतनीकरण नाही. उजवीकडे काय धड आहे: इंजिन, गियर, काचा, रेडिएटर, क्रोम, आरसी बुक. खाली चाचांनी सही केली. खालांना म्हटले, जो येईल त्याला आधी हा कागद दाखवा. भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, गाड्या दुरुस्त करून उभ्या करणाऱ्या गॅरेजवाल्यांना विचारा.

एक गोष्ट अवघडत का होईना, बोललो. गाडी तरका आहे. म्हणजे ती एकट्या खालांची नाही आणि पुतण्याची तर नाहीच. मरहूमांचे कर्ज आणि वसीयत काही नव्हते, आईवडील हयात नव्हते. मुलेबाळे असताना बेवेचा हिस्सा आठवा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. त्यांना एक मुलगा, दोन मुली. कमी किमतीत गेली तर सासरी नांदणाऱ्या दोन मुलींचाही हक्क कमी होतो आणि त्यांना ते कळतही नाही. पुतण्या यावर रागावला. चहा न घेता निघून गेला. अजून आमच्याशी बोलत नाही.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. धाकटा रुसला होता. घरी आल्यावर म्हणाला, “सगळं बरोबर केलंत, पण दादाजानना गाडी नाही मिळाली.” त्याला आम्ही उत्तर दिले नाही, कारण ते खरे होते.

मार्चमध्ये खालांचा फोन आला. कोल्हापूरकडचा एक गॅरेजवाला आला होता. त्याच्याकडे एक चांगल्या पत्र्याची पण इंजिन गेलेली पद्मिनी आहे. त्याने कागद वाचला, चुंबक न लावताच म्हणाला की सगळे लिहिलेलेच आहे तर तपासू काय, आणि चौसष्ट हजार दिले. खालांना आठ हजार, मुलाला अठ्ठावीस, मुलींना चौदा-चौदा. धाकट्या मुलीने त्यातून शिलाईचे नवे यंत्र घेतले, असे त्या म्हणाल्या. आम्ही हिशेब केला. कागद नसता तर भंगाराचे चाळीस आले असते. पुतण्याच्या एक लाख चाळीसला एखादा फसलाही असता. पण त्या पैशात बरकत कुठून आली असती?

वाचकहो, जुनी मोटार घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. पत्रा धड असेल, कागद चालू असतील आणि खिशातला पैसा खरोखर रिकामा असेल तर हौस करायला हरकत नाही. मात्र तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. वरवरची तांबूस धूळ घासून, प्रायमर मारून थांबवता येते. पोपडे सुटत असतील तर खर्च आहे. भोक पडले असेल, तेही पट्टीला किंवा पायाखाली, तर ती गाडी मायेपोटीसुद्धा घेऊ नये, कारण तिच्यात आपली मुले बसणार असतात. आणि घेतलीच तर किनाऱ्यावरून आल्यावर पोटाखालून गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, दारांची भोके तारेने मोकळी ठेवा, ओल्या मातीवर किंवा गवतावर उभी करू नका, आणि प्लास्टिकने कधी झाकू नका. विकायची वेळ आली तर मॅट स्वतःच्या हाताने उचलून दाखवा.

जूनमध्ये लेकीचा प्रवेश झाला. ती फी भरून आली त्या संध्याकाळी अब्बांनी आम्हाला जवळ बोलावले. उशीखालून एक पाकीट काढले. आत तीन हजार रुपये होते. म्हणाले, “त्या भाईजान म्हणणाऱ्याचे. हक्काचा माणूस सापडत नसेल तर त्याच्या वतीनं खैरात करावी असं मौलाना म्हणाले. गावच्या विहिरीच्या पंपासाठी दे. पावती त्याच्या नावानं कर.”

आम्ही म्हटले, “अब्बा, 1991 चे तीन हजार आज किती होतील?”

ते म्हणाले, “माहीत आहे. दर महिन्याला थोडे देत जाईन.”

जुलैपासून दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला ते पाकीट आमच्या हातात येते. नाव लिहिताना आम्ही अक्षर नीट काढतो.